दिसला का?

बर्डिंग हा शांत माणसांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा शोलाच्या जंगलात चार जणांना मिळून एक पक्षी बघायला लावावं. संसार मोडतील अशी भांडणं होतात, फक्त कुजबुजत्या आवाजात.

पक्षी कुठला, तर ब्लॅक अँड ऑरेंज फ्लायकॅचर, म्हणजे काळा-नारिंगी माशीमार. चिमणीपेक्षा लहान. नराचं अंग भडक केशरी, डोकं आणि पंख काळेकुळकुळीत, मादीचं डोकं मात्र मळकट तपकिरी. राहतो आपल्याच सह्याद्रीत पण पार दक्षिणेला, निलगिरी, अन्नामलाई, पलनी वगैरे डोंगरांत, बहुतेक करून 1500 मीटरच्या वर, बाकी जगात कुठेही नाही. आता एवढा रंग असलेला पक्षी लपणार कसा असं तुम्हाला वाटेल. मलाही घरी पुस्तकात बघताना तसंच वाटलेलं, पांढऱ्या कागदावर तो फारच छान दिसतो.

आम्ही गेलेलो कोडाईकनालला. तिथे गावाला लागूनच बॉम्बे शोला नावाचं जंगल आहे, हे नाव ऐकल्यावर काकांना उगाचच आपल्या हक्काचं वाटायला लागलं. काका म्हणजे आमच्या ग्रुपचे सीनियर, सहाशे एमएमची लेन्स, तिला वेगळं जॅकेट, काकांना स्वतःला साधा स्वेटर. बरोबर काकू, मी आणि तिथला एक गाइड. गाइडला मराठी येत नाही, आम्हाला तमिळ येत नाही, त्यामुळे सगळे जण इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत.

शोला म्हणजे डोंगराच्या घळीघळीत वाढलेलं बुटकं, वाकडंतिकडं, सदाहरित जंगल, वर उघडं गवताळ रान आणि खाली घळीत ही झाडी. ढग येतात ते डोक्यावरून जात नाहीत, झाडीतूनच जातात, म्हणून प्रत्येक फांदीला शेवाळ, शेवाळावर नेचे, मधेमधे ऑर्किडं, आणि पाऊस थांबला तरी तासन्‌तास टपटप चालूच. सकाळचे आठ वाजले तरी आत संध्याकाळ. दुर्बीण डोळ्याला लावली की आपल्याच श्वासाची वाफ काचेवर, ती पुसायला रुमाल काढावा तर रुमाल ओला, आणि पुसून बघितलं की ताकात डोकं घातल्यासारखं सगळं पांढरं, कारण तेवढ्यात ढग आलेला.

आणि यात सुरू होतं ते दाखवणं.

"देअर, सर. दॅट ट्री."

कुठलं ट्री? सगळीच ट्री. सगळी सारख्याच उंचीची, सारखीच वाकडी.

"ब्रांच विथ मॉस."

शेवाळ नसलेली फांदी त्या जंगलात कुणी दाखवली तर मी तिला नमस्कार करीन.

"लीफ मूव्हिंग, सर, लीफ मूव्हिंग!"

वरून थेंब पडतायत, जंगलातलं प्रत्येक पान हलतंय. पण गाइडला तो पक्षी स्वच्छ दिसतोय, आणि दिसणाऱ्याला न दिसणाऱ्याची अडचण कधीच समजत नाही हा या छंदातला मूळ प्रॉब्लेम आहे. तो बिचारा बोट दाखवतो, आपण त्याच्या बोटाच्या मागे डोकं नेतो, तो बाजूला सरकतो, आता बोट भलतीकडे. मग काकू म्हणतात, दिसला मला, ते काय, ते केशरी. ते वाळलेलं पान असतं. ते पान आम्ही सगळ्यांनी बराच वेळ आदराने बघितलं, काकांनी त्याचे फोटोही काढले.

खरं तर हा पक्षी लाजरा अजिबात नाही. माणसं उभी असली तरी आपल्या कामात असतो. पण बाकीचे माशीमार कसे एखाद्या मोकळ्या काटकीवर बसतात, भुर्रकन उडून हवेतला किडा पकडतात आणि परत येऊन तिथेच बसतात, म्हणजे एकदा चुकला तरी पुढच्या फेरीला सापडतो. याला ती सभ्य पद्धत मान्य नाही. हा खालच्या झुडपांत, नेच्यांत, जमिनीपासून हात-दोन हातांवर फिरत राहतो आणि तिथलेच किडे टिपतो. घरटंही तसंच, इतर माशीमारांसारखं वाटीचं नाही, गवत आणि नेच्यांचा चेंडू करून झुडपात खाली ठेवलेलं. म्हणजे बर्डिंगमध्ये मान दुखते म्हणतात ना, इथे मान शाबूत राहते आणि गुडघे जातात. दोन्ही गुडघ्यांवर, ओल्या पाचोळ्यात, आणि पाचोळ्यात जळवा. जळू चावलेली कळतच नाही, कळतं ते नंतर, मोजा लाल झाल्यावर, आणि रक्त काही केल्या थांबत नाही कारण रक्त गोठू नये याची सोय ती चावतानाच करून ठेवते. किती विचारपूर्वक केलंय सगळं.

या पक्ष्याची शास्त्रीय नोंद 1839 मध्ये जर्डन नावाच्या साहेबाने केली. साहेब पेशाने डॉक्टर, मद्रासच्या फौजेत. काकांचं म्हणणं, बघा, ऑटोफोकस नसताना दिसला त्याला. पण त्या काळी पक्षी बंदुकीने पाडायचे आणि हातात घेऊन बघायचे, त्यामुळे कुठल्या फांदीवर हा प्रश्नच यायचा नाही.

आवाजावरून शोधावं म्हटलं तर त्याचा आवाज बारीक, तारेसारखा, किड्यासारखा. काकूंनी तो आधी रातकिडा म्हणून सोडून दिला. काकांना तर ऐकूच आला नाही, वय वाढलं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, पण ते काकांना कोण सांगणार, ते म्हणाले आज बोलत नाहीये तो. गाइड म्हणाला, कॉलिंग सर, कंटिन्यूअस कॉलिंग. काका म्हणाले, नाही.

शेवटी सगळ्यांना एक भाषा असावी म्हणून काकांनी घड्याळाची पद्धत लावली. समोर बारा वाजता, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. चांगली पद्धत आहे, फक्त सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला हवीत. आमची नव्हती. माझे बारा म्हणजे काकूंचे चार.

आणि तेवढ्यात गाइड एकदम हळू आवाजात म्हणाला, "सर. टू ओ'क्लॉक. बॅक. स्लोली बॅक."

काकांना फक्त टू ओ'क्लॉक ऐकू आलं. त्यांनी लेन्स वळवली आणि डोळा लावला. "काहीतरी आहे," ते म्हणाले. "काळं दिसतंय. नुसतं काळं. डोकं असणार. काळं डोकं म्हणजे नर! केशरी कुठाय पण? जरा बाजूला होईल तर बरं."

मी लेन्सशिवाय बघितलं. गवा होता. चार पावलांवर म्हणणार नाही, पण दुर्बीण लागावी एवढाही लांब नव्हता. गवा हजार किलोपर्यंत भरू शकतो आणि कोडाईत तो रस्त्यावरही हिंडतो, पण ढगातून अर्धा बाहेर आलेला, ओला, फुसफुसणारा गवा ही वेगळीच गोष्ट आहे. काकूंनी काकांचा स्वेटर मागून धरला आणि ओढला. "हलवू नकोस ना, फोकस होतोय," काका म्हणाले. नर होता हे मात्र खरं, तेवढं त्यांचं बरोबर आलं.

गवा आमच्याकडे बघून, कंटाळून, झाडीत निघून गेला. एवढं धूड आत गेलं आणि चार फुटांवर दिसेनासं झालं, तिथे चिमणीहून लहान माशीमाराला काय दोष द्यायचा.

मग पाय कापत असल्यामुळे आम्ही ट्रेलच्या कडेला बसलो आणि बसलेलोच होतो तर समोरच्या नेच्यांतून तो बाहेर आला. नर. खालच्या एका मुळीवर. केशरी इतका की त्या अंधारात पेटल्यासारखा. शेपटी वर, एक किडा उचलला, इकडे तिकडे बघितलं, परत एक. सगळ्यांना दिसला, कुणाला काही दाखवावं लागलं नाही. फक्त काका तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होते.

"काय झालं?"

"फार जवळ आहे!"

त्या मोठ्या लेन्सना चार-साडेचार मीटरच्या आतलं दिसत नाही. लाखो रुपये द्यायचे आणि जवळचं दिसत नाही. काका उकिडवे बसल्या बसल्या मागे सरकायला लागले, एक काटकी मोडली, पक्षी आत. काकूंनी तोवर मोबाइलवर तीन फोटो काढलेले, त्यातला एक तर डोळ्यातल्या चमकेसकट. काका म्हणाले मोबाइलचा फोटो हा पुरावा असतो, फोटो नसतो.

संध्याकाळी दिसलेल्या पक्ष्यांची यादी. शोलाकिली नावाची पक्षीण राहिलेली, निळी पाठ, पांढरं पोट, याच झाडीत जमिनीलगत किडे वेचत फिरणारी. तिला आधी शॉर्टविंग म्हणायचे, मग रॉबिन, आणि 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला शोलाच्या नावाचा स्वतंत्र वंशच देऊन टाकला, त्यामुळे काकांच्या वहीत तीन ठिकाणी खाडाखोड आहे. पूर्वी निलगिरीतली आणि इकडची एकच जात धरायचे, मग पालघाट खिंडीच्या अलीकडची वेगळी आणि पलीकडची वेगळी ठरली, आणि काकांनी दोन्हीकडची बघितली असती तर त्यांना घरबसल्या एक लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेली जात, जास्तीचा मिळाला असता. पण त्यांनी एकीकडचीही बघितलेली नाही. आज परतताना ती गात होती खरी, चांगली मोठ्याने, शीळ घालून, काकांनाही ऐकू आली. दिसली नाही.

"ऐकलेला पक्षी यादीत धरतात," काका म्हणाले. "हर्ड ओन्ली असं लिहायचं."

काकू म्हणाल्या, "मग मलाही तसंच लिहा. बत्तीस वर्षं झाली, हर्ड पण नाही."