टेकडीवर सोडू नका

शाळा सुरू झाल्या की माझा फोन वाजायला लागतो. एप्रिलमध्ये परीक्षा संपली म्हणून मुलाला अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून पांढऱ्या उंदरांची जोडी घेऊन दिलेली असते. सुट्टी संपते, पिंजऱ्याला वास यायला लागतो, आजी कुरकुरायला लागतात आणि मग फोन येतो, "ताई, तुम्ही उंदीर घेता ना?"

हो, घेते. सहा वर्षं झाली. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली पाळीव उंदरांची आहे. आज तिथे 27 जण आहेत. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. मी, नवरा आणि शनिवारी मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या दोन मुली, एवढंच.

गेल्या रविवारी एक गृहस्थ आले. हातात हापूसचा पुठ्ठ्याचा खोका, पेनने भोकं पाडलेला, वर जुन्या साडीची पट्टी बांधलेली. म्हणाले, "दोन्ही माद्याच आहेत असं दुकानदार म्हणाला होता हो." आत 11 जण निघाले. दोन मोठे, नऊ पिल्लं. आणि मोठीचं पोट हाताला घट्ट लागत होतं, म्हणजे ती पुन्हा गाभण. यात त्या माणसाचा काही दोष नाही. उंदरीण 21 ते 23 दिवसांत व्यायते, आणि व्याल्यापासून दिवसभरातच पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं पाच आठवड्यांची झाली की नर वेगळे काढावेच लागतात, नाहीतर भावंडांतच पुढची वीण सुरू होते. नर-मादी ओळखणं अवघड नसतं. वाढलेल्या नराकडे मागून एकदा पाहिलं तरी कळतं. दिवसभर हाच धंदा करणाऱ्या माणसाने ते एकदा पाहू नये, याचा मला खरोखर संताप येतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 पासून केंद्राचे नियम आहेत, नोंदणी सक्तीची आहे. पण 100-200 रुपयांच्या जिवासाठी कोण विचारायला जातो?

तरी ते गृहस्थ खोका घेऊन माझ्या दारात आले, याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले. कारण बरेच जण येत नाहीत. ते टेकडीवर जातात.

त्यासाठीच आज लिहायला बसले आहे. "गणपतीचं वाहन आहे, मारायचं पाप नको, म्हणून मोकळ्यावर सोडून दिलं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात दरवेळी सुटकेचं समाधान असतं. त्यांच्या भावनेवर मला शंका नाही. पण दुकानातला पांढरा उंदीर म्हणजे शेतातला उंदीर नव्हे. याच्या पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढल्या. त्याला बीळ खणून राहायची सवय नाही, आणि माणसाची भीतीही नाही. लाल डोळ्यांच्या उंदराला तर धड दिसतही नाही. तो एका जागी उभा राहून डोकं डावी-उजवीकडे हळूहळू डोलवतो, समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला. लोक घाबरून विचारतात, याला फिट आली का? नाही हो, तो बघतोय. असा जीव, पांढराशुभ्र, संध्याकाळी गवतात सोडला की घुबड, मांजर, मुंगूस, धामण यांपैकी ज्याला आधी दिसेल त्याचा. दोन वर्षांपूर्वी एका ताईंनी चार सोडले होते. सकाळी फिरायला गेलेल्या एका काकांना बाकाखाली एक सापडला. पावसाने भिजून लिबलिबीत झालेला, आणि त्यांना बघून पळायच्या ऐवजी त्यांच्या बुटावर चढला. माणूस दिसला म्हणजे खायला मिळणार, एवढंच त्याला ठाऊक. बाकीचे तिघे आम्ही सकाळ-संध्याकाळ शोधले. मिळाले नाहीत.

तो बुटावर चढलेला म्हणजे आमचा पोहे. अजून आहे. आता म्हातारा झालाय, मागचे पाय ओढत चालतो. उंदराचं आयुष्यच दोन ते तीन वर्षांचं.

माझा दिवस साडेपाचला सुरू होतो. आधी पिंजऱ्यांतली कापडं काढायची, ओली वेगळी, बरी वेगळी. लाकडाचा भुसा मी वापरत नाही, देवदार-चीडच्या भुशाच्या वासाने त्यांच्या छातीला त्रास होतो. मग खाणं: ज्वारी, बाजरी, ओट्स, मोड आलेले मूग, दुधी नाहीतर लाल भोपळा, आणि एका उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात काय जातंय ते आपणच सांभाळायचं. मे महिन्यात पुणं चाळिशीला टेकलं की बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून प्रत्येक पिंजऱ्यात ठेवते. त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी शेपटीवाटे बाहेर पडते. गरमीत शेपटी हातात घेतली तर तापलेली लागते.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम. एकेकाला उचलून, त्याची कूस कानाला लावून श्वास ऐकायचा. यांच्यात मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा फुप्फुसाचा आजार जवळजवळ घरोघरी. निरोगी उंदराचा श्वास ऐकूच येत नाही. बारीक कटकट किंवा शिट्टीसारखं काही आलं की मला डॉक्टरांकडे जायचं असतं. देवळात आपण मूषकाच्या कानात गाऱ्हाणं सांगतो ना, तिथे मला हल्ली भरून येतं. घरी मी रोज सकाळी नेमकं उलटं करत असते.

रात्री-अपरात्रीचे फोन बहुतेक एकाच गोष्टीसाठी: "डोळ्यातून रक्त येतंय." ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लालसर स्राव असतो, ताण आला किंवा आजारी पडला की वाढतो. ओल्या कापसाने पुसा आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, त्या मात्र दिसल्या की थांबू नका. लवकर काढल्या तर बरेच चांगले महिने मिळतात. उंदीर तपासणारे डॉक्टर शहरात मोजकेच आहेत. एका दवाखान्यात तर "दुसरा घ्या ना, स्वस्त मिळतो" असं ऐकून मी परत आले होते. त्या रात्री झोप लागली नाही.

शेजाऱ्यांची भीती मी समजू शकते. 1897 च्या प्लेगात याच गावातली कुटुंबं घरं सोडून बाहेर झोपड्यांत राहिली, ती आठवण आज्या-पणज्यांकडून झिरपत आली आहे. लेप्टोची, म्हणजे उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीतीही खरी आहे. म्हणून बाहेरच्या उंदराचा आमच्या उंदरांशी संबंध येऊ देत नाही, नवीन आलेला तीन आठवडे वेगळ्या खोलीत, आणि हात लावण्याआधी-नंतर साबण. आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या मावशी पहिल्या महिन्यात त्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडे जात नव्हत्या. आता येताना पदराच्या टोकात शेंगदाण्याचे चार दाणे बांधून आणतात, पोह्यासाठी.

घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण एकटा उंदीर घेऊ नका, तो झुरतो. वर्षभर पिंजरा धुवायला मोठ्या माणसाची तयारी असेल तरच घ्या, मुलाच्या भरवशावर नको. आणि जमलं नाही तर लाजू नका, फोन करा. मी रागावत नाही, वचन देते.

खोक्यातल्या पिल्लांपैकी चार माद्या घर शोधत आहेत: ज्वारी, बाजरी, नाचणी आणि वरी. दोघी-दोघी मिळूनच देणार. पिंजरा आधी बघायला येईन. ज्वारीला जरा शिंका आहेत, औषधाचे अजून पाच दिवस बाकी आहेत, तेवढं थांबावं लागेल.