बूस्ट दिला की माल वर येतोच असं नाही

सर्चमधल्या बूस्टवरच्या या लेखात लिहिलंय की शोधातल्या महत्त्वाच्या शब्दाला बूस्ट द्या, म्हणजे आकडा लावून त्याचं वजन वाढवा, रिझल्ट सुधारतात. हे अर्धंच खरं आहे. मी इथं सोलापुरात चादर-टॉवेलवाल्यांच्या साइटवरचं सर्च बघतो, तिथं कुणी "सोलापुरी जॅकार्ड चादर" टाकलं तर सोलापुरी हा शब्द जवळपास प्रत्येक मालाच्या माहितीत असतोच, मग बीएम२५ च्या (रिझल्टचा क्रम लावायला स्कोअर काढायचं सूत्र) हिशोबात त्याचा आयडीएफ (शब्द जितका दुर्मिळ तितका मोठा होणारा आकडा) शून्याजवळ जातो, आणि त्याला कॅरेट (^, बूस्टची खूण) लावून ५ द्या नाहीतर १० द्या, गुणाकार त्या चिमूटभर आकड्याशीच होणार ना! जॅकार्ड मात्र मोजक्याच ठिकाणी असतो त्यामुळं त्याला न सांगताच वजन मिळतं, आणि त्यालाच अजून ५ चा बूस्ट दिला की बाकीचे शब्द असून नसल्यासारखे होतात, जॅकार्डचे पडदे चादरींच्या वर येऊन बसतात.

अजून एक, २ चा बूस्ट म्हणजे अख्खा स्कोअर दुप्पट नाही हो, फक्त त्या शब्दाचा वाटा दुप्पट. सगळ्या शब्दांना सारखाच दिला तर क्रम तसाच राहतो. आणि ल्युसीनमध्ये (सर्चसाठीची सॉफ्टवेअर लायब्ररी) बूस्ट डिफॉल्ट १ असतो, ०.२ पण चालतो, त्यानं शब्द मागं पडतो पण रिझल्टमधून जात नाही, काढायचाच असेल तर वेगळी अट घालावी लागते.

लेखकांनी कृपया इलास्टिकसर्चच्या (ल्युसीनवरच चालणारं सर्च इंजिन) एक्सप्लेन या सोयीबद्दल पण लिहावं, कुठल्या शब्दानं किती स्कोअर दिला ते त्यात सरळ दिसतं, नवीन पोरं ते न बघताच आकडे वाढवत बसतात.