एकाच्या पगारावर सात माणसे? स्कॉटलंडच्या जनगणनेतून असे दिसत नाही

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील स्कॉटलंडच्या जनगणनेचे एखादे पान दाखवून एक दावा सध्या बराच पसरवला जातो. त्या काळी साधा मजूर एकट्याच्या कमाईवर सहा-सात माणसांचे घर चालवीत असे, बायको घर सांभाळी, मुले शाळेत जात आणि वर बिऱ्हाडकरू ठेवण्याइतकी ऐसपैस जागाही असे, असे त्यात म्हटलेले असते. पान खरे असते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ज्यांनी ते घर कष्टाने चालवले त्यांच्यावर तो अन्याय करतो.

पत्नीच्या नावापुढचा व्यवसायाचा रकाना कोरा आहे, एवढ्यावरून ती कमावत नव्हती असे ठरत नाही. स्त्रियांच्या बाबतीत नियमित कामाचीच नोंद अपेक्षित होती. त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस लोकांचे कपडे धुणे, घरी बसून शिवणकाम करणे, बिऱ्हाडकरूचे जेवणखाण पाहणे ही कामे सहज गळून जात. (आपल्याकडच्या जनगणनेतही केवळ घरकाम करणारी स्त्री बिगर-कामगारांतच मोजली जाते.) शिवाय बंगालहून येणाऱ्या तागावर चालणाऱ्या, स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातील गिरण्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या, तिथे विवाहित बायकाही गिरणीत जात आणि घरी राहणाऱ्या बेकार नवऱ्यांना 'किटली उकळणारे' असे नाव पडले होते.

मुलांपुढे 'विद्यार्थी' लिहिलेले असते हे खरे. मात्र १८४४ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत आठव्या वर्षापासून अर्धवेळ काम करण्याची मुभा होती, म्हणजे अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. अशा मुलाला नुसते 'विद्यार्थी' म्हटले, तर अर्धेच सत्य कागदावर उतरते. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे झाले ते १८७२ च्या कायद्याने. त्यापुढच्या वयाची मुले-मुली त्याच पानावर बहुधा कुठल्या ना कुठल्या कामावर लागलेली दिसतात, आणि एकट्याच्या कमाईचा दावा तिथेच कोसळतो.

जागेचा मुद्दा सर्वांत दिशाभूल करणारा आहे. १८६१ पासून स्कॉटलंडच्या जनगणनेत प्रत्येक कुटुंबाकडे खिडकी असलेल्या खोल्या किती, हे विचारले जाऊ लागले. त्या वर्षी सुमारे एक-तृतीयांश कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, आणि सुमारे ८,००० खोल्यांना एकही खिडकी नव्हती. पानावर 'दोन खोल्या' असे असेल, तर त्यातली एक बहुतेक वेळा स्वयंपाकघर असे. त्याच्याच भिंतीत कपाटासारखी कोनाड्यात बसवलेली खाट असे, आणि तिच्यावर कुटुंबातली अनेक माणसे झोपत.

अशा घरात बिऱ्हाडकरू ठेवला जाई तो जागा जास्त होती म्हणून नव्हे, तर त्याच्या पैशांशिवाय भाडे भरता येत नसे म्हणून. ग्लासगोत १८६२ च्या कायद्यानुसार तीन किंवा त्यांहून कमी खोल्यांच्या, २,००० घनफुटांपर्यंतच्या घरांची मापे घेऊन दारावर धातूचा बिल्ला ठोकत. घर किती घनफुटांचे आणि आत किती माणसांना झोपण्याची परवानगी, हे त्यावर लिहिलेले असे. मोठ्या माणसामागे ३०० घनफूट धरत. निरीक्षक मध्यरात्री दार ठोठावून माणसे मोजत, तेव्हा जास्तीची माणसे कपाटात, खाटेखाली, कधी छपरावरही लपत.