एस १२००० दिले, फेरे ८,००० मिळाले: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरी बांधलेल्या छोट्या सीएनसी यंत्रावर (संगणकाच्या आज्ञेने कापकाम करणाऱ्या यंत्रावर) स्पिंडलचा, म्हणजे कापणारा बिट फिरवणाऱ्या मोटरचा, वेग कसा तपासावा, याविषयीच्या माझ्या लेखातल्या सूचना तंतोतंत पाळूनही आपल्या यंत्राचा वेग चुकतोच आहे आणि त्यापायी सागवानावर काम करताना ३ मिलिमीटरचे दोन बिट मोडले, असे आपण कळवले आहे. त्यावरून आपण तीन आक्षेप घेतले आहेत: पीडब्ल्यूएम संकेत (वेग सांगण्यासाठी कंट्रोलर पाठवतो ती विजेची चालू-बंद स्पंदे) मल्टिमीटरने मोजण्यात अर्थ नाही, त्याला स्पंदांचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोपच हवा; प्रत्यक्ष वेगाची नोंद कंट्रोलरकडे परत येत नसेल तर सगळी जुळवाजुळव केवळ दिखाऊ ठरते; आणि व्हीएफडीच्या, म्हणजे विजेची वारंवारिता बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणाच्या, धोक्याबद्दल मी एक अक्षरही लिहिलेले नाही. तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, दुसरा काही अंशी मान्य आहे आणि पहिला मान्य नाही. परंतु या तिन्हींपेक्षा प्रतिक्रियेच्या शेवटी आपण दिलेले टॅकोमीटरचे (फेरे मोजणाऱ्या उपकरणाचे) चार आकडे मला अधिक मोलाचे वाटतात, कारण दोष कोठे आहे हे त्या आकड्यांतच दिसते, आणि तो दोष माझ्या अपुऱ्या सूचनेमुळे आपल्या यंत्रात शिरलेला आहे.

एस म्हणजे मिनिटाला किती फेरे हवेत ही आज्ञा. आपले आकडे असे आहेत: एस २४००० ला २३,८००, एस १८००० ला १५,९००, एस १२००० ला ७,९०० आणि एस ६००० ला मोटर जवळजवळ थांबलेली. प्रत्येक पायरीला आज्ञा ६,००० ने कमी होते, पण प्रत्यक्ष वेग मात्र सुमारे ८,००० ने उतरतो. संकेतात विजेचा गोंगाट शिरला असता तर आकडे असे एका सरळ रेषेत बसले नसते, ते वरखाली झाले असते. पीडब्ल्यूएमचे ० ते १० व्होल्ट करून व्हीएफडीला देणाऱ्या व्होल्टेज-परिवर्तक मोड्यूलचा ट्रिमर (जुळवणीचा स्क्रू) चुकला असता तर सर्व वेग एकाच प्रमाणात कमी आले असते आणि एस २४००० लाही फरक दिसला असता. येथे वरचे टोक बरोबर आहे आणि खाली येऊ तसतशी चूक वाढत जाते, म्हणजे रेषेचा आरंभबिंदूच चुकलेला आहे.

याचे कारण $३१ ही जीआरबीएलची, म्हणजे कंट्रोलरवर चालणाऱ्या फर्मवेअरची, किमान वेगाची सेटिंग; $३० ही कमाल वेगाची. हवेने थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो, त्यामुळे वेग फार कमी ठेवला तर मोटर तापते. म्हणून किमान वेग ६,००० ठेवावा, असे सांगताना मी $३१ मध्ये ६००० भरायला लिहिले. मात्र जीआरबीएल या आकड्याकडे केवळ मर्यादा म्हणून पाहत नाही. $३१ पासून $३० पर्यंतचा सगळा पल्ला तो पीडब्ल्यूएमच्या जवळजवळ शून्यापासून पूर्ण ड्युटीपर्यंत (ड्युटी म्हणजे संकेत चालू असण्याचा टक्का) पसरतो. $३० हे २४००० आणि $३१ हे ६००० असताना एस १२००० ची ड्युटी १८,००० पैकी ६,००० म्हणजे ३३ टक्के होते, मोड्यूलमधून ३.३ व्होल्ट बाहेर पडतात, आणि ० ते १० व्होल्टना ० ते ४०० हर्ट्झ समजणारा व्हीएफडी १३३ हर्ट्झ देतो. दोन ध्रुवांच्या मोटरला ४०० हर्ट्झवर २४,००० फेरे मिळतात, त्या हिशेबाने १३३ हर्ट्झचे ८,००० झाले. मिनिटाला १,२०० मिलिमीटरची फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) आणि दोन धारांचा बिट धरला, तर १२,००० फेऱ्यांना प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०५ मिलिमीटर लाकूड येते. ८,००० फेऱ्यांना तेच ०.०७५ होते. आपले बिट मोडण्यास एवढे पुरेसे आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

उपाय दोन आहेत. $३१ तसाच ठेवायचा असेल तर व्हीएफडीलाही शून्य व्होल्ट म्हणजे १०० हर्ट्झ असे सांगावे लागते. आपल्या ह्युआनयांग व्हीएफडीत त्यासाठी पीडी ०७३ हे पॅरामीटर आहे. मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे: $३१ शून्य करावा आणि किमान वेगाची राखण व्हीएफडीच्या पीडी ०११ मध्ये १०० हर्ट्झ भरून त्याच्याकडेच सोपवावी. मग प्रत्येक व्होल्टला २,४०० फेरे असा सोपा हिशेब राहतो आणि पुढे कधी दोष शोधताना तो तोंडी करता येतो.

दोन्ही उपायांत एक गंभीर धोका मात्र आहे. आपण फोटोत दाखवल्याप्रमाणे एफओआर आणि डीसीएम ही व्हीएफडीला ‘फिर’ असे सांगणारी टर्मिनले तारेने कायमची जोडून ठेवली असतील, तर एम ५ (स्पिंडल थांबवण्याची आज्ञा) दिल्यावर व्होल्टेज शून्यावर येईल, परंतु व्हीएफडी १०० हर्ट्झच्या खाली उतरणार नाही आणि स्पिंडल ६,००० फेऱ्यांनी फिरतच राहील. त्यामुळे आधी ती तार काढून तेथे कंट्रोलरकडून चालू-बंद होणारा रिले बसवावा. आर्डुइनो उनो या कंट्रोलर-बोर्डावर चल-वेगाच्या जीआरबीएल १.१ मध्ये १३ क्रमांकाची पिन मुळात दिशेसाठी राखलेली असते. तिला चालू-बंदसाठी वापरायचे असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये तसा पर्याय निवडून फर्मवेअर पुन्हा चढवावे लागते. हीच पिन आर्डुइनो रीसेट होताना क्षणभर लुकलुकते, आणि संगणकावरून जोडणी करताच आर्डुइनो रीसेट होतो. म्हणून यूएसबी जोडताना व्हीएफडीचा मेन स्विच बंद असलाच पाहिजे.

आता मल्टिमीटरविषयी. जीआरबीएल १.१ चा पीडब्ल्यूएम मुळात सुमारे ९८० हर्ट्झचा असतो. साधा डिजिटल मीटर डीसी व्होल्टवर सेकंदाला दोन-तीन वाचने देतो, त्यामुळे तो शेकडो स्पंदांची सरासरीच दाखवतो, आणि आपल्याला हवी असते ती सरासरीच: ५० टक्के ड्युटीला ११ क्रमांकाच्या पिनवर २.५ व्होल्ट, परिवर्तकानंतर ५ व्होल्ट. स्पंदांचा आकार बिघडला आहे का, हे पाहायला ऑसिलोस्कोप लागतो, हे खरे. आणि मोटर फिरत असताना व्हीएफडीजवळ मीटरचे आकडे भरकटतात, हेही खरे. म्हणूनच ही मोजणी व्हीएफडी बंद ठेवून करायची असते. ज्याच्याकडे पाचशे रुपयांचा मीटरच आहे, त्याने या वाटेला जाऊ नये, हे मला पटत नाही, कारण घरगुती यंत्रांवर जे दोष मी पाहिले त्यांतले बहुतेक मीटरनेच सापडले. जुन्या सीएनसी शिल्डवर (आर्डुइनोवर बसणाऱ्या जोडणी-बोर्डावर) ‘झेड’ मर्यादा-स्विचसाठी छापलेली जागा जीआरबीएल १.१ मध्ये वेगाची पिन असते आणि स्पिंडलचे नाव छापलेल्या जागी मर्यादा-स्विच जोडायचा असतो; ही उलटापालट मीटर एका मिनिटात दाखवतो. परिवर्तकाचा, संकेताचे व्होल्टेज निवडणारा जंपर २४ व्होल्टवर राहिला असेल तर पिनवर २.५ आणि पुढे शून्य, हेही तसेच.

प्रत्यक्ष वेगाची नोंद कंट्रोलरकडे परत येण्याबाबत आपले म्हणणे २४ व्होल्टच्या ७७५ या छोट्या डीसी मोटरला पूर्ण लागू पडते. तिच्यावर भार आला की वेग ठळकपणे खाली येतो आणि ड्युटीवरून फेरे सांगणे हा अंदाजच असतो. आपली इंडक्शन मोटर वेगळी आहे. तिचा वेग वारंवारितेला बांधलेला असतो आणि क्षमतेच्या आत भार असेपर्यंत थोडासाच घसरतो. आपल्याच नोंदीत २४,००० ला २३,८०० आले आहेत. त्यामुळे नवा कंट्रोलर घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

व्हीएफडीचा धोका मी लिहिला नाही, ही मोठी चूक होती. २३० व्होल्टचा पुरवठा आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होऊन कपॅसिटरमध्ये साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तेथेच राहतो. झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढून किमान दहा मिनिटे थांबावे आणि मीटरने खात्री केल्याशिवाय कोणत्याही टर्मिनलला हात लावू नये. स्पिंडलच्या तीन तारा मोटर चालू असताना कधीही सोडू नयेत, आणि स्पिंडलच्या धातूच्या अंगाला अर्थिंग हवेच. हा मजकूर आणि $३१ ची दुरुस्ती मूळ लेखाच्या अगदी सुरुवातीला आज घातली आहे.

$३१ शून्य केल्यावर, व्हीएफडी बंद असताना, एस ६०००, १२००० आणि १८००० ला परिवर्तकाचे व्होल्टेज अनुक्रमे २.५, ५ आणि ७.५ येते का, ते कृपया कळवावे. त्यात फरक आढळला तर परिवर्तकाला मिळणारा पुरवठा किती व्होल्टचा आहे, तेही सोबत लिहावे. पुढचा शोध आपण तेथून सुरू करू.