काहीही न करण्याची दगदग

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आळशी माणसाची टिंगल म्हणून जन्मली. आयडल गेम, म्हणजे आपण काही न करताही आपोआप चालणारे आणि कमावणारे खेळ, बनवणाऱ्यांनी तिचा धंदा केला. इथे हरी फोनमध्येच असतो, सेकंदागणिक देतो आणि किती दिलं ते दशांशचिन्हासकट दाखवतो. खाटलं तेवढं आपलं आपण आणायचं.

2002 च्या 'प्रोग्रेस क्वेस्ट'मध्ये पात्राचा वंश आणि पेशा निवडला की खेळाडूचं काम संपतं. पुढे राक्षस आपोआप मरतात, लूट आपोआप विकली जाते आणि आपण फक्त प्रगतीची पट्टी भरताना पाहायची. हा खेळ चक्क थट्टा म्हणून बनवलेला होता. इयन बोगोस्ट यांनी 2010 मध्ये फेसबुकवरच्या खेळांची टर उडवायला 'काऊ क्लिकर' काढला: एक गाय, तिच्यावर दर 6 तासांनी एक टिचकी. लोक तो मन लावून खेळले. टर उडवायला जावं आणि गिऱ्हाईकं मिळावीत, हा योग विनोदी लेखकांच्या कुंडलीत नसतो.

माझं मत विचाराल तर या जातीचा खरा गुरू 2013 चा 'कुकी क्लिकर'. मोठ्या कुकीवर टिचकी मारा, एक कुकी मिळते. 15 जमल्या की कर्सर, म्हणजे आपल्या वतीने टिचक्या मारणारा बाण, विकत घ्या. तो 10 सेकंदांत 1 कुकी देतो. 100 कुकींना आजी मिळते (होय, आजी विकत मिळते), ती सेकंदाला 1 भाजते. कर्सरचं भांडवल वसूल व्हायला 150 सेकंद, आजीचं 100, आणि 1100 कुकींच्या शेताचं सुमारे 137. म्हणजे सुरुवातीला आजीसारखी गुंतवणूक नाही. किंमत न बघता वसुलीचा काळ बघा, एवढं सूत्र पाळलं तरी निम्मा खेळ जमला.

पण प्रत्येक खरेदीनंतर त्याच वस्तूचा भाव 15 टक्क्यांनी चढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात दर पाच खरेद्यांना भाव दुप्पट होतो. अकरावी आजी 405 कुकींना, वसुली पावणेसात मिनिटांत. 101 वी आजी पावणेबारा कोटींच्या घरात, आणि अपग्रेड न घेता ती पैसे फेडायला पावणेचार वर्षं लावते. म्हणून 1, 5, 25, 50 आज्या झाल्या की उत्पादन दुप्पट करणारी अपग्रेड उघडतात. 46 आज्यांवर अडलेल्या माणसाने चार आज्या तोट्यात घेणं हा त्यामुळे मूर्खपणा नसतो. हे वाक्य कुणी अर्धवट ऐकलं तर काय समजेल, हा प्रश्न वेगळा.

आता 'आयडल' या शब्दाकडे येऊ. खेळ आपणहून चालतो, हे खरं. मात्र मधूनच पडद्यावर सोनेरी कुकी उगवते. ती 13 सेकंदांत विरते. वेळेत टिपली तर बऱ्याचदा 77 सेकंद उत्पादन 7 पट होतं. कधी उगवेल याचा नेम नाही. म्हणजे भट्टी स्वयंचलित, आज्या राबताहेत आणि मालक डोळ्यांत तेल घालून राखणीला बसलाय. फोनवरच्या खेळांत हीच राखण दुसऱ्या वाटेने येते: तुम्ही नसताना कमाई होते, पण ठरावीक तासांपुरतीच. मग तिजोरी भरते आणि उत्पादन थांबतं. 'तुमची तिजोरी भरली' ही सूचना रात्री अडीचला येते. जाहिरात पाहिली तर कमाई दुप्पट, ही लाच वेगळी.

मग आकडे. लक्ष, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म असं म्हणत आपली मोजणी परार्धाला, म्हणजे 1 वर 17 शून्यांना, दम टाकते. खेळ तिथे नुकता रंगात येतो. बहुतेक खेळांची धाव 1 वर 308 शून्यांच्या आसपास अडते, कारण संगणकात दशांश संख्या साठवण्याची नेहमीची पद्धत त्यापुढे थेट 'अनंत' म्हणून हात वर करते.

वाढ मंदावली की खेळ सुचवतो, सगळं मोडा आणि नव्याने सुरू करा. याला प्रेस्टीज म्हणतात. 'कुकी क्लिकर'मध्ये प्रेस्टीजची पहिली पातळी महापद्म (1 वर 12 शून्यं) कुकींना, पण दहावी हजार महापद्मांना, कारण हिशेब पातळीच्या घनाचा आहे. एका पातळीला उत्पादनात 1 टक्का वाढीचा हक्क मिळतो, आणि तो हक्कसुद्धा वेगळा खर्च करून टप्प्याटप्प्याने उघडावा लागतो. एका पातळीसाठी संसार मोडू नये. शेकड्यांनी जमू द्याव्यात.

सगळ्यात कडू प्रकार मात्र खेळाबाहेरचा. ब्राउझरवरच्या खेळाची नोंद ब्राउझरमध्येच राहते. कुणी साफसफाईच्या झटक्यात साइटचा डेटा पुसला की आज्यांसह कारखाना गुप्त. सेव्ह एक्स्पोर्ट करून, म्हणजे खेळाची नोंद बाहेर काढून, मिळणारा लांबलचक मजकूर आठवड्याला एकदा दुसरीकडे चिकटवून ठेवावा. फोनचं घड्याळ पुढे सरकवून फुकट कमाई करणाऱ्यांनीही जपून असावं. घड्याळ मागे आणलं की काही खेळ खरी वेळ तिथवर पोहोचेपर्यंत तोंड फुगवून बसतात.

ज्यांना यातून सुटायचं आहे त्यांनी शेवट असलेला खेळ धरावा. फ्रँक लँट्झ यांचा 2017 चा 'युनिव्हर्सल पेपरक्लिप्स' काही तासांत अख्खं विश्व कागदाच्या क्लिपांमध्ये बदलून टाकतो. मग यंत्रंही मोडून त्यांच्या क्लिपा होतात, आणि अगदी शेवटच्या काही क्लिपा पुन्हा एकेक टिचकी मारत हातानेच कराव्या लागतात.