ओहायो स्टेटचा तिसरा आणि चौथा रिसीव्हर कोण, हे आधी सांगा

हे २०२५ च्या सीझनआधी लिहितोय. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सीझन सुरू व्हायला अजून वेळ आहे पण आमच्या कोलंबसमध्ये, म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावात, जुलैपासूनच दुसरा विषय नसतो. जो भेटेल तो हेच म्हणतो की आपल्याकडे जेरेमाया स्मिथ आहे, कार्नेल टेट आहे, देशातली सगळ्यात भारी रिसीव्हर रूम (पास पकडणाऱ्या खेळाडूंचा गट) आपली, मग काळजी कसली. मला काळजी आहे आणि ती का आहे ते जरा सविस्तर लिहितो, कारण व्हॉट्सॲपवर तुकड्या तुकड्यात बोलून तिथे प्रत्येक वेळी गाडी परत स्मिथवरच येते.

स्मिथबद्दल माझं काहीच वेगळं मत नाहीये. पहिल्या वर्षाला असलेल्या पोराने ७६ कॅच, १,३१५ यार्ड, १५ टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या एंड झोनमध्ये नेणं) केले, इथल्याच क्रिस कार्टरचे फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) रेकॉर्ड मोडले, आणि फायनलला नोत्र दामविरुद्ध थर्ड अँड इलेव्हनला (तिसरा प्रयत्न, अजून ११ यार्ड हवेत) क्वार्टरबॅक (पास टाकणारा) विल हॉवर्डने ५६ यार्डांचा बॉल टाकला तोही यालाच. असा खेळाडू कॉलेज फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं दिसत नाही. टेटसुद्धा ५२ कॅच आणि ७३३ यार्डवाला, दुसऱ्या कुठल्याही टीमचा तो नंबर एक असता. हे दोघं सोडून बोलूया.

गेल्या वर्षी या टीममध्ये सगळ्यात जास्त कॅच कुणाचे होते? स्मिथचे नाही. एमेका इग्बुकाचे, ८१. १,०११ यार्ड, १० टचडाऊन, आणि करिअरमध्ये एकूण २०५ कॅच, म्हणजे ओहायो स्टेटच्या इतिहासात सगळ्यात जास्त. तो आता एनएफएलमध्ये टॅम्पा बेला गेला, ड्राफ्टच्या (प्रो टीमनी खेळाडू निवडणं) पहिल्या राउंडमध्ये १९ वा. आणि आपल्या गप्पांमध्ये त्याचं नावच येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. स्लॉटमध्ये (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत) उभं राहून मधल्या गर्दीत थर्ड अँड फाइव्हला सहा यार्ड काढून देणं, रन (बॉल घेऊन पळण्याचा डाव) असेल तर स्वतःपेक्षा दांडग्या लाइनबॅकरला (डिफेन्सच्या मधल्या फळीतला खेळाडू) अडवणं, क्वार्टरबॅक अडचणीत आला की बरोबर मोकळ्या जागेत येऊन थांबणं, हे सगळं तो करायचा. क्रिकेटमध्ये मधल्या ओव्हर्समध्ये एकेक दोन-दोन काढून स्कोअरबोर्ड हलता ठेवणारा बॅट्समन असतो ना, तसा. हायलाइट्समध्ये तो दिसत नाही, पण तो आउट झाला की दुसऱ्या बाजूच्या मोठ्या बॅट्समनवर सगळा भार येतो.

आणि इग्बुकानंतर, म्हणजे या तिघांनंतरचा रिसीव्हर होता ब्रँडन इनिस, १४ कॅच. ८१ आणि १४ मधलं हे अंतर बघा. बाकीचे कॅच रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) आणि टाइट एंड (ब्लॉकिंगही करणारे, कॅचही घेणारे) यांच्याकडे गेले. म्हणजे आपली रिसीव्हर रूम भारी आहे असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्ष मॅचमध्ये कस लागलेले रिसीव्हर दोन आहेत, बाकी सगळा विश्वास आहे. विश्वास चुकीचा आहे असं नाही, कोच ब्रायन हार्टलाइनने ही रूम चालवायला घेतल्यापासून क्रिस ओलाव्हे, गॅरेट विल्सन, जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, मार्विन हॅरिसन ज्युनिअर आणि आता इग्बुका असे पाच जण पहिल्या राउंडमध्ये गेलेत, तेव्हा पुढचा माणूस तयार होतोच हे आपण गृहीतच धरून बसलोय. पण एखादा जखमी झाला की काय होतं तेही आपणच पाहिलंय.

३१ डिसेंबर २०२२, पीच बोल (सीझनअखेरची मोठी मॅच), समोर जॉर्जिया. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी एंड झोनमध्ये हॅरिसनला जबरदस्त धक्का बसला आणि तो परत आलाच नाही. स्मिथ-एन्जिग्बा त्या वर्षी जवळजवळ पूर्ण सीझन मांडीच्या दुखापतीमुळे बाहेर, टाइट एंड केड स्टोव्हर त्याच मॅचमध्ये पाठ धरून बाहेर. चौथं क्वार्टर सुरू झालं तेव्हा आपण ३८-२४ ने पुढे होतो, त्या पूर्ण क्वार्टरमध्ये आपले फक्त ३ पॉइंट झाले, आणि मॅच गेली ४२-४१ ने. लोकांना शेवटची हुकलेली किक आठवते. मला आठवतो तो त्याआधीचा अर्धा पाऊण तास, आपला क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड बॉल घेऊन इकडेतिकडे बघतोय आणि इग्बुका सोडला तर कुणी मोकळं होत नाहीये. पुढच्या वर्षी कॉटन बोलला हॅरिसन खेळला नाही, क्वार्टरबॅक पण नवीन, तोही जखमी झाला, मिझुरीविरुद्ध पूर्ण मॅचमध्ये ३ पॉइंट. तिथे क्वार्टरबॅकचा प्रश्न मोठा होता हे मान्य, तरी पण एवढ्या गाजलेल्या रिसीव्हर रूममधून त्या रात्री एकही जण पुढे आला नाही हे पण खरंय ना?

बरं, आता सीझन पण पूर्वीसारखा १२-१३ मॅचचा राहिला नाहीये. गेल्या वर्षी आपण १६ मॅच खेळलो, १४ जिंकल्या, २ हरलो, बारा टीमच्या प्लेऑफमुळे. सोळा मॅच दोन रिसीव्हर पूर्ण ताकदीने खेळतील यावर सीझन उभा करणं मला पटत नाही.

आणि मागची फळी टिकवून ठेवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय, यात कोचला दोष देऊन उपयोग नाही. जेमिसन विल्यम्स आठवतो? आपल्याकडे विल्सन, ओलाव्हे, स्मिथ-एन्जिग्बा यांच्या मागे अडकला, २०२१ ला अलाबामाला गेला, तिथे १,५७२ यार्ड काढले, आणि ड्राफ्टमध्ये विल्सन दहावा, ओलाव्हे अकरावा, विल्यम्स बारावा, ओळीने. म्हणजे आपला चौथा रिसीव्हर देशातल्या पहिल्या बारात होता! ज्युलियन फ्लेमिंग पेन स्टेटला गेला, नोआ रॉजर्स नॉर्थ कॅरोलिना स्टेटला, जेडन बॅलर्ड विस्कॉन्सिनला. २० वर्षांच्या पोराला दुसरीकडे खेळायलाही मिळतंय आणि पैसेही मिळतायत, तो कशाला थांबेल, मी पण थांबलो नसतो. त्यात आता कोर्टाच्या सेटलमेंटनंतर रोस्टर (टीममधले एकूण खेळाडू) १०५ जणांचा झालाय, कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देणार, म्हणजे बेंचवर कुणाला किती ठेवायचं हा पण आता हिशोबाचा विषय झाला. म्हणून जी पोरं आज इथे आहेत त्यांना बॉल द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्याला सप्टेंबरमध्ये बॉल मिळत नाही तो डिसेंबरमध्ये ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत) असतो.

आता पोरांकडे येतो. इनिसवर माझा पूर्ण भरोसा आहे. तिसरं वर्ष आहे त्याचं, फ्लोरिडाहून आला तेव्हा केवढं नाव होतं, दोन वर्षं मागे बसला आणि तरी गेला नाही. अंगाने भरलेला आहे, ब्लॉकिंगला मागे सरत नाही, बॉल हातात आल्यावर सहज पडत नाही. स्लॉट त्याचाच. इग्बुकासारखे ८१ कॅच कुणी मागत नाहीये त्याच्याकडे, ४० जरी झाले आणि त्यातले निम्मे थर्ड डाऊनला (तिसऱ्या प्रयत्नाला) झाले तरी टीमचं काम होईल.

पण त्याच्यामागे काय? मायलन ग्रॅहम स्मिथच्याच वर्षीचा, वेग भरपूर, पण मॅचचा अनुभव जवळपास नाही. ब्रायसन रॉजर्स शांतपणे आपलं काम करणारा, स्पेशल टीमवर (किकच्या वेळी उतरणारी टीम) पळणारा, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि मला वाटतं ऑक्टोबरपर्यंत लोकांना त्याचं नाव पाठ झालेलं असेल. नवीन आलेल्यांमध्ये क्विन्सी पोर्टर, न्यू जर्सीचा, उंच, दांडगा, बाहेरच्या बाजूला टेटच्या मागे तयार करायला एकदम योग्य. फिलिप बेल पण आहे, डीझी जोन्स पण आहे. सगळे गुणी आहेत, प्रश्न गुणांचा नाहीच, प्रश्न आहे की थंडीत, चौथ्या क्वार्टरमध्ये, एक लाख लोक ओरडत असताना यातला कोण बरोबर जागी वळेल. ते प्रॅक्टिसमध्ये कळत नाही.

म्हणून स्ट्रॅटेजी. आणि इथे माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. मला वाटतं यावर्षी ओहायो स्टेटने तीन रिसीव्हरचा हट्ट थोडा सोडावा आणि दोन टाइट एंड घेऊन जास्त खेळावं. पर्ड्यूकडून मॅक्स क्लेअर आलाय. गेल्या वर्षी पर्ड्यू १-११ होती, म्हणजे समोरच्या प्रत्येक टीमला माहीत होतं बॉल याच्याकडे येणार आहे, तरी त्याने ५१ कॅच आणि ६८५ यार्ड काढले. खूप वर्षांनी आपल्याकडे असा टाइट एंड आलाय जो खरोखर रिसीव्हरसारखा पळतो. त्याच्या जोडीला विल केकमरेक, तो मुख्यतः ब्लॉकिंगवाला. हे दोघं एकत्र मैदानात आले की समोरच्या कोचला ठरवावं लागतं, हलके आणि चपळ खेळाडू ठेवू की जड लाइनबॅकर. हलके ठेवले तर तुम्ही सरळ रन करा. जड ठेवले तर क्लेअर लाइनबॅकरच्या पुढे निघून जाईल, आणि सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) रन थांबवायला दोन पावलं जरी पुढे आला तरी वर स्मिथ एकट्या कॉर्नरबॅकसमोर राहतो, तिथेच प्ले-ॲक्शन (रनचा देखावा करून पास) टाका. स्मिथला मोकळं करण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे समोरच्याला दुसरीकडे बघायला लावणं.

आणि रनचं म्हणाल तर ट्रेव्हेयन हेंडरसन आणि क्विन्शॉन जडकिन्स दोघंही गेले, जेम्स पीपल्स आणि वेस्ट व्हर्जिनियाहून आलेला सी. जे. डोनाल्डसन आहेत, ऑफेन्सच्या लाइनमधले (पुढे उभं राहून ब्लॉकिंग करणारी फळी) निम्मे चेहरे नवीन, लाइनचा कोच नवीन. एकूण १४ जण गेले ड्राफ्टमध्ये. अशा लाइनला एक जास्तीचा ब्लॉकर देणं हे काही भित्रेपणाचं लक्षण नाही. क्वार्टरबॅक जुलियन सेइन असो नाहीतर लिंकन कीनहोल्झ, दोघंही कॉलेजमध्ये एकही मॅच पहिल्यापासून खेळलेले नाहीयेत. त्यांना पहिल्या मॅचपासून मागे उभं करून चाळीस पास टाकायला लावणं चुकीचं ठरेल.

पण दोन टाइट एंड म्हणजे परत मिशिगनसारखं डोकं आपटणं, असं कुणी म्हणेल, म्हणून ते पण स्पष्ट करतो. ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनविरुद्धच्या मॅचला मी स्टेडियममध्ये होतो, सी डेकवर, अंगावर असतील तेवढे कपडे घालून. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघंही नंतर पहिल्या राउंडमध्ये गेलेले टॅकल, ते जिथे उभे आहेत बरोबर तिथेच आपण परत परत रन करत होतो, आपली मधली लाइन दुखापतींनी मोडलेली असताना! पूर्ण मॅचमध्ये रनचे ७७ यार्ड. आणि बाहेर स्मिथ, इग्बुका, टेट तिघंही उभे. १३-१० ने हरलो, मिशिगनकडून सलग चौथ्यांदा, आजूबाजूची म्हातारी माणसं अक्षरशः रडत होती. ती चूक रन करण्याची नव्हती, समोर काय आहे ते न बघता ठरवलेलंच करत राहण्याची होती. तीन आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध पहिल्याच ड्राइव्हला बॉल वर टाकला आणि टीम वेगळीच दिसायला लागली, तिथून चार मॅच जिंकून चॅम्पियन झाली. खेळाडू तेच होते, कॉल बदलले.

गेल्या वर्षी ऑफेन्स चालवणारा कोच चिप केली २०२५ ला एनएफएलच्या रेडर्सकडे गेला आणि २०२५ च्या सीझनसाठी ऑफेन्सची सूत्रं हार्टलाइनकडे आली. रिसीव्हर घडवण्यात त्याच्या तोडीचा माणूस देशात नाही हे मी मनापासून मानतो. पण रिसीव्हरच्या कोचला पूर्ण ऑफेन्स मिळाल्यावर तो आपल्या लाडक्या पोरांना बॉल देण्यात अडकणार नाही ना, एवढं एक मला बघायचंय.

कारण पहिलीच मॅच टेक्सासशी आहे, ३० ऑगस्टला, इथे घरी. याच टेक्सासने जानेवारीत कॉटन बोलमध्ये स्मिथला पूर्ण मॅचमध्ये १ कॅच आणि ३ यार्ड दिले होते. एक! त्याच्या आधीच्याच मॅचला ओरेगॉनविरुद्ध १८७ यार्ड काढलेल्या पोराला. आणि तरी आपण २८-१४ ने जिंकलो, कारण टेटने ७ कॅच घेतले, इग्बुका मध्ये होता, हेंडरसन स्क्रीन पासवर ७५ यार्ड पळाला, आणि शेवटी जॅक सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातातून बॉल उडवला आणि स्वतःच उचलून टचडाऊन केला. यातले आता इग्बुका नाही, हेंडरसन नाही, सॉयर पण नाही. टेक्सासचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (डिफेन्स चालवणारा कोच) मात्र २०२५ च्या सीझनलाही तोच आहे आणि त्याच्याकडे स्मिथला कसं बांधायचं याचं उत्तर तयार आहे, तो तेच परत करणार. मग त्या दिवशी टेट, इनिस आणि क्लेअर या तिघांना मिळून पंधरा सोळा कॅच घ्यावे लागतील, मॅच तिथे ठरेल. स्मिथचे यार्ड किती झाले यावर रात्री भांडू नका प्लीज.

त्यानंतरच्या दोन मॅच ग्रॅम्बलिंग आणि ओहायो युनिव्हर्सिटीशी आहेत. दोन्ही घरी, दोन्ही सहज जिंकायच्या. ग्रॅहम, रॉजर्स, पोर्टर यांना तिथे पहिल्या हाफपासून खेळवा, गार्बेज टाइममधले (मॅच ठरून गेल्यावरचे) चार स्नॅप (डाव) नकोत, सेइन किंवा कीनहोल्झ मैदानात असतानाचे खरे स्नॅप द्या, त्यांच्यासाठी थर्ड डाऊनचे कॉल काढा, बॉल सुटला तर सुटू दे. पुढे वॉशिंग्टन, इलिनॉय, पेन स्टेट आहेत, आणि २९ नोव्हेंबरला मिशिगनकडे ॲन आर्बरला जायचंय. ग्रॅम्बलिंगविरुद्ध आपण ३५ ने पुढे असताना चौथ्या क्वार्टरमध्ये स्मिथची ४ नंबरची जर्सी मैदानात दिसली तर मी इथेच येऊन परत एवढंच लांब लिहिणार आहे.