होतकरू महापौरांस चार युक्तीच्या गोष्टी

मुंबईचा महापौर व्हायचं तुम्ही मनावर घेतलंय हे ऐकून आनंद झाला. लगेच जाकीट शिवायला टाकू नका. महापौरपद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे मंत्रालयातल्या सोडतीत ठरतं, आणि तुमची अर्ध्या आयुष्याची पक्षनिष्ठा त्या चिठ्ठीला वाचता येत नाही. चिठ्ठी अनुकूल निघाली तर अडीच वर्षं तुमची.

आता अधिकारांचं. त्यासाठी 1888 चा मुंबई महानगरपालिका कायदा उघडा. हो, 1888. तेव्हा महापौर हा शब्दही नव्हता. सभागृहाला अध्यक्ष असायचा आणि त्याला मेयर म्हणायला 1931 साल उजाडलं. याच कायद्याचं 64 वं कलम वाचा, पण शक्यतो जेवणाआधी वाचू नका. पालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, असं तिथे सरळ लिहिलंय. आयुक्त नेमतं राज्य सरकार. म्हणजे मतं तुम्ही मागायची, शिव्या तुम्ही खायच्या आणि सही तिसऱ्यानेच करायची. शहराच्या लग्नात तुम्ही मुलीचे मामा: फेटा बांधायचा, अंतरपाटाजवळ उभं राहायचं, जेवणाचा ठेका कोणाला दिला हे विचारायचं नाही.

ठेक्यात खरोखर रस असेल तर महापौर होऊच नका, स्थायी समितीचे अध्यक्ष व्हा. तिजोरीच्या चाव्या म्हणतात त्या तिथे असतात. जाणते लोक महापौरपद मित्रपक्षाला देतात आणि त्यागाबद्दल स्वतःचं अभिनंदन करून घेतात.

ही सगळी इंग्रजांची कारस्थानं, असं भाषणात ठोकायचा मोह होईल, तो आवरा. 1865 च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले, त्यांनी शहर झाडून काढलं, मंडई बांधली आणि खर्च इतका केला की करदाते 1871 मध्ये खवळून उठले. (मंडईला महात्मा फुल्यांचं नाव देऊन जमाना लोटला, लोक अजून ‘क्रॉफर्ड’लाच जातात. खर्चिक माणूस लक्षात राहतो.) तेव्हा तरुण फिरोजशहा मेहतांनी सांगितलं की कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असण्यात दोष नाही; दोष आहे तो त्याच्यावर लोकांनी निवडलेल्यांचा वचक नसण्यात. पालिकेच्या इमारतीबाहेर मेहतांचा पुतळा आहे. त्याला हार घाला. वचकाचा विषय काढू नका.

सभागृहात कामाची कमतरता पडणार नाही. नगरसेवक ठरावाची सूचना मांडेल, सगळे बाकं वाजवतील, ठराव मंजूर होईल आणि आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाईल. बऱ्याच महिन्यांनी अभिप्राय येईल: ‘व्यवहार्य नाही’. मग तो दफ्तरी दाखल करायचा. तोवर मूळ नगरसेवकाने पक्ष बदललेला असल्यामुळे कोणाचं मन दुखत नाही. मधल्या काळात तुम्ही ‘प्रशासनाला निर्देश’ देत राहा. पावसाळ्याआधी नाल्याच्या काठी उभं राहून बोट दाखवणं हा निर्देशाचा सर्वोत्तम प्रकार, कारण बोटाला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

आयुक्त फारच ऐकेनासे झाले तर कायद्यात ब्रह्मास्त्र आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांशांनी ठराव केला की आयुक्तांना हटवावं लागतं. निवडून आलेले 227 धरले तर 142 मतं. नवी मुंबईकरांनी तिथल्या महापालिका कायद्यातलं हेच अस्त्र 2016 मध्ये तिथले आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर सोडलं होतं. प्रचंड बहुमताने. राज्य सरकारने तो ठरावच थांबवला, आणि मुंढे गेले ते पुढच्या वर्षी, सरकारला वाटलं तेव्हा. अस्त्र जपून ठेवा, दसऱ्याला पूजेला बरं.

कोणी म्हणेल, शहरांच्या कारभारासाठी 74 वी घटनादुरुस्ती झाली ना, संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी 18 विषय दिले ना? दिले. ते सोपवायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर. 1998 मध्ये ‘मेयर इन कौन्सिल’ आणून महापौराला खरी सत्ता देऊन पाहिली, आणि वर्षभरात ती परतही घेतली. सवय लागली असती तर पंचाईत.

खरा आदर्श कारभार पाहायचा तर 7 मार्च 2022 नंतरचा काळ अभ्यासा. सभागृहाची मुदत संपली आणि मुदतीआधी निवडणूक घ्या असं संविधान सांगत असताना ती झाली थेट 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. 2025-26 चा 74,427 कोटींचा अर्थसंकल्प आयुक्तांच्याच प्रशासनाने मांडला आणि प्रशासक या नात्याने त्यांनीच स्वीकारला. गोंधळ नाही, सभात्याग नाही, उपसूचना नाही. मुंबईकरांनीही फार आरडाओरड केली नाही. ही गोष्ट तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण प्रचारात ‘माझ्यावाचून शहर अडलंय’ हे वाक्य टाळलेलं बरं.

राहिला निवासाचा प्रश्न. शिवाजी पार्कचा समुद्राकाठचा बंगला स्मारकाला गेला, आता भायखळ्याला राणीच्या बागेत राहायचं. शेजारी पेंग्विन आहेत, आणि त्यांना बघायला गर्दी तुमच्यापेक्षा जास्त असते.

आणि रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल कोणी गाठलंच, तर आधी शांतपणे विचारा की रस्ता कोणाचा? राज्याच्या एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाचा असू शकतो, एमएसआरडीसी या रस्ते महामंडळाचा असू शकतो, मेट्रोवाल्यांनी उकरलेला असू शकतो. नागरिक माहिती काढायला निघून जातो. तो शोधून परत येईपर्यंत तुमची अडीच वर्षं झालेली असतात.